काय उपयोग त्याचा?

मराठी भाषेत तीन शब्दांचा एक प्रश्न आहे. या प्रश्नाने आजवर जितक्या माणसांचा उत्साह मारला आहे तितका बोर्डाच्या निकालांनीसुद्धा मारला नसेल. तो प्रश्न म्हणजे, "काय उपयोग त्याचा?"

पोरगं नदीकाठचे गुळगुळीत दगड खिशात भरून आणते. काय उपयोग त्याचा? मुलगी म्हणते, मला बासरी शिकायची आहे. काय उपयोग त्याचा? शेजारचे सत्तरीचे गृहस्थ उर्दू लिपी गिरवायला बसतात. या वयात? काय उपयोग त्याचा? गंमत अशी की विचारणाऱ्याला उत्तर मुळीच नको असते. उत्तर त्याने घरूनच आणलेले असते. प्रश्नचिन्ह हे केवळ सभ्यतेपुरते.

माझ्या वाट्याला हा प्रश्न बुधवारी, रविवारी आणि शिवाय रोज दोनदा येतो. बुधवारी किंवा रविवारी मी मंगळवारात जाते. पुण्याबाहेरच्या वाचकांनी दचकू नये; मंगळवार ही पेठ आहे आणि तिथला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पुण्यात वार आणि पेठ यांचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असा आग्रह कोणी धरत नाही. आणि रोज सकाळ-संध्याकाळ मी आमच्या ढब्बूला फिरवून आणते. ढब्बू हा कुत्रा आहे. जातीने अस्सल गावठी, रंगाने ढब्बू पैशासारखा तांबूस, आणि चलनात नसला तरी टाकवत नाही अशातला.

या दोन उद्योगांवर आमच्या सोसायटीत, नातेवाइकांत आणि खुद्द घरात जी टीका होते तिला एकदा सविस्तर उत्तर द्यायचे मी ठरवले आहे. एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवल्यामुळे न ऐकणाऱ्या वर्गापुढे बोलायची मला सवय आहे.

प्रथम जुना बाजार. रस्त्याकडेला गोणपाटे आणि ताडपत्र्या अंथरलेल्या असतात आणि त्यांवर माणसाने आजवर जे जे वापरून टाकले ते सारे मांडलेले असते. पान्हे, करवती, बिजागऱ्या, एक पाय नसलेली समई, दोन्ही काटे नसलेले घड्याळ, नंबर फिरवायचा काळा टेलिफोन, कोणाच्या तरी आजोबांचा चष्मा, अडकित्ते, नाणी, नळाच्या तोट्या, आणि कशाचा तरी निम्मा भाग. हा निम्मा भाग कशाचा ते विकणाऱ्याला ठाऊक नसते, घेणाऱ्याला नसते, पण तो विकला जातो. कारण जगात कुठेतरी उरलेला निम्मा भाग घेऊन बसलेला एक माणूस असतो आणि तो दर रविवारी इथे येत असतो.

इथे खरेदी करायची एक रीत आहे. जी वस्तू हवी असते तिच्याकडे बघायचे नाही. तिच्या शेजारच्या वस्तूची चौकशी करायची, ती महाग आहे म्हणून सुस्कारा सोडायचा, आणि उठता उठता, "आणि हे काय हो, असंच पडलंय?" असे म्हणून आपल्या वस्तूला नुसता पायाचा अंगठा दाखवायचा. विक्रेत्याला हे नाटक पाठ असते. तो म्हणतो, "मावशी, मघापासून तेच बघताय. घ्या, भवानीचा टाइम आहे." मग दोघेही हसतो आणि भाव सुरू होतो. मॉलमध्ये वस्तूवर किंमत चिकटवलेली असते. तिथे बोलायला कोणी नसते आणि हसायला तर नसतेच नसते.

तर अशाच एका बुधवारी मला एक पितळी गडू मिळाला. पोटाला पोचा आलेला, वरून काळवंडलेला. घरी आणून चिंच आणि मिठाने घासला तेव्हा त्याच्या काठाखाली अक्षरे दिसू लागली. भांड्यांवर नावे घालणारे कारागीर टिंब टिंब ठोकून काढत तशी. आधी "चि. सौ. कां." एवढे दिसले. त्यापुढचे नाव झिजून गेले होते. नंतर "हिस मावशीकडून", आणि शेवटी तारीख, २१-५-५४.

मी तो गडू घेऊन कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी राहिले. मे महिना, म्हणजे लग्नसराई. कोणा भाचीचे लग्न. मावशीने भाचीचे नाव घातले, तारीख घातली, पण स्वतःचे नाव घातले नाही. नुसतेच "मावशीकडून". त्या घरात कोणती मावशी हे विचारावे लागत नसले पाहिजे. आज आपण आहेराच्या पाकिटावर नाव, आडनाव, फ्लॅट नंबर घालतो आणि तरीही घरी गेल्यावर त्यांना प्रश्न पडतो की हे कोण!

आमच्या ह्यांनी गडू पाहिला आणि म्हणाले, "घरात सोळा तांबे आणि गडू आहेत. सतरावा कशाला?"

"ह्याच्यावर मावशी आहे."

"आपली?"

"नाही."

"मग काय उपयोग त्याचा?"

आता यावर काय बोलणार? मी तो गडू कल्हईला दिला. कल्हई ही सुद्धा पाहण्यासारखी गोष्ट आहे. भांडे भट्टीवर तापवायचे, आत नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात फिरवायचे. काळेपणावरून चांदणे पसरावे तसे कथील पसरते. पूर्वी हे दारोदार चाले. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, म्हणून कल्हईचा पातळ पडदा मध्ये घालायचा, एवढा साधा हिशेब. स्टीलची भांडी आली, कल्हई गेली आणि "कळकणे" हे क्रियापदही निघाले. एक धंदा गेला की भाषेतले शब्दही सामान बांधतात. उपयोगवाल्यांच्या वहीत ह्या नुकसानीला रकाना नाही.

जुन्या वस्तू घरात आणणे म्हणजे कमीपणा, असे मानणाऱ्यांची मला विशेष मौज वाटते. अहो, आपण मध्यमवर्गीय मराठी माणसे वाढलो ती कशावर? थोरल्याची चड्डी धाकट्याला, धाकट्याची शेंडेफळाला आणि शेवटी पायपुसण्याला. पाठ्यपुस्तके जून महिन्यात निम्म्या किमतीत. त्यात आदल्या मुलाने महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या असत, म्हणजे अभ्यासही निम्माच. आजीची लुगडी आणि आजोबांची धोतरे यांची गोधडी होई. त्या गोधडीत घरातल्या सगळ्या माणसांचे तुकडे एकत्र नांदत, जे प्रत्यक्षात क्वचितच नांदले. आणि बोहारीण! जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई पँट उन्हात धरून अशी निरखायची की एक्स-रे काढणाऱ्या डॉक्टरने शिकावे. तिच्यापुढे आमची आई कधी हरली नाही आणि तीही कधी हरली नाही. दोघी जिंकूनच उठत. ही परंपरा ज्यांच्या पाठीशी आहे, ते आज म्हणतात, "शी! दुसऱ्याचं वापरलेलं?" आणि हे बोलतात कोठे बसून? बँकेने जप्त करून विकलेल्या मोटारीत.

हल्ली घर रिकामे करण्याचेही शास्त्र निघाले आहे. मारी कोंडो या जपानी बाईंचे म्हणणे असे की प्रत्येक वस्तू हातात घ्या. आनंद झाला तर ठेवा, नाही तर तिचे आभार मानून निरोप द्या. आमच्या सोसायटीतल्या भगिनींनी ही दीक्षा घेतली आणि ताबडतोब माझ्या घराकडे बोटे दाखवली. मी म्हटले, छान, कसोटी मान्य. मी गडू हातात घेतला, आनंद झाला. पानाचा पितळी डबा घेतला, आनंद झाला. मग विजेचे बिल घेतले, वजनाचा काटा घेतला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला आणि पाहुण्यांनाही न आवडलेला काचेचा डिनर सेट घेतला. आनंदाचा पत्ता नव्हता. कसोटी बाईंची, निकाल माझ्या बाजूने.

मोठ्या माणसांचे दाखले दिल्याशिवाय आपल्याकडे वाद जिंकता येत नाही, म्हणून तेही देते. पुण्यात दिनकर केळकर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. धंदा चष्म्यांचा, आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायची सवय. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, कुलपे, दरवाजे, पेट्या, स्वयंपाकघरातली भांडी. राजेमहाराजांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ असतात; हा माणूस लोकांच्या माजघरातले अडकित्ते जमवत होता. त्या काळी त्यांना आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंना किती जणांनी विचारले असेल, "काय उपयोग त्याचा?" वस्तू वीस हजारांच्या घरात गेल्या. १९७५ साली त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. लहानपणी गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. आज तिकीट काढून लोक तेच अडकित्ते बघतात आणि म्हणतात, "आमच्याकडे होता हो असाच, मोडीत घातला."

पिकासोचे उदाहरण साहेबी आवड असणाऱ्यांसाठी. १९४२ साली त्याने सायकलचे जुने सीट घेतले, जुने हँडल घेतले आणि एकावर एक बसवले. बैलाचे डोके झाले. ते पॅरिसच्या संग्रहालयात आहे. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये अशा नऊ सायकली गंजत पडल्या आहेत, पण त्यातून अद्याप एकही बैल निघालेला नाही. आणि चंडीगडचे नेकचंद! रस्तेखात्यातला इन्स्पेक्टर. १९५७ च्या सुमारापासून हा माणूस नोकरीनंतर फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, नळ्या, दगड गोळा करून सरकारी जागेत गुपचूप एक दुनिया उभी करत होता. अनेक वर्षांनी अधिकाऱ्यांना पत्ता लागला. कायद्याने ती पाडायला हवी होती. लोकांनी पाडू दिली नाही. १९७६ साली ती बाग सर्वांसाठी खुली झाली आणि १९८४ साली सरकारने त्या बेकायदा बांधकामवाल्याला पद्मश्री दिली. 'काय उपयोग त्याचा' हा प्रश्न त्या अधिकाऱ्यांना वेळेवर सुचला असता तर हिंदुस्थानात एक बाग कमी आणि एक पार्किंग जास्त झाले असते.

आता ढब्बूकडे येते. तो मघापासून दाराशी उभा आहे.

सकाळी आमच्या रस्त्याने चालणाऱ्या माणसांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग पावले मोजणाऱ्यांचा. मनगटावर घड्याळ, कानात बोंडे, नजर समोर, चेहरा एखाद्या अटीतटीच्या खटल्याला निघाल्यासारखा. यांना दहा हजार पावले भरायची असतात. नऊ हजार आठशेला घर आले तर ही माणसे जिन्याखाली उभी राहून जागच्या जागी पाय आपटतात. ह्या दहा हजारांचे मूळ पाहू गेले तर वैद्यकशास्त्रात नसून जाहिरातीत आहे. १९६५ साली जपानात पावले मोजायचे एक यंत्र बाजारात आले. त्याचे नावच 'मॅन्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल होता, खपला. एका जुन्या जाहिरातीचे ऋण फेडण्यासाठी आमच्या सोसायटीचे चेअरमन रोज पहाटे जिन्याखाली पाय आपटत असतात. चालणे वाईट असे मी म्हणत नाही. पण ज्या रस्त्याने वर्षभर चाललो त्या रस्त्यावर पारिजातक कोणाच्या दारात आहे हे सांगता येऊ नये, ह्याला चालणे म्हणायचे की वाहतूक?

दुसरा वर्ग कुत्रेवाल्यांचा. आम्ही चालत नाही, आम्ही थांबतो. दोन थांबण्यांच्या मध्ये जे होते त्याला व्यवहारात चालणे म्हणतात. ढब्बू पहिल्या खांबाशी थांबतो, दगडाशी थांबतो, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीशी तर खासच थांबतो. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात म्हणे. कुत्र्याच्या नाकात त्या कोटींनी मोजायच्या. श्वास सोडताना तो नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून सोडतो, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. आपण जिथे एक खांब बघतो तिथे तो काल रात्रीपासूनची हकीकत वाचत असतो. वाचणाऱ्याला ओढू नये हा संस्कार मला घरातून मिळालेला आहे, म्हणून मी उभी राहते. आणि उभे राहिले की दिसू लागते. कंपाउंडच्या जाळीवर लोहाराने घडवलेला मोर. "येथे विनाकारण उभे राहू नये" ही पाटी, जिच्यासमोर आम्ही रोज विनाकारण उभे राहतो. इस्त्रीवाल्याच्या गाडीखाली झोपलेली मांजर आणि तिच्याकडे न बघण्याचा ढब्बूचा करारीपणा.

डार्विनच्या घरामागे एक वाळूची पायवाट होती. त्या वाटेवर तो रोज फेऱ्या घालत विचार करी आणि उतारवयात पॉली नावाची त्याची लाडकी पांढरी कुत्री बरोबर असे. त्याने किती पावले टाकली याची जगाला फिकीर नाही. आपल्याकडचा दाखला तर त्याहून जुना आहे. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी पोळी देवाला कशी लागेल म्हणून, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आज ते आमच्या सोसायटीत धावले असते तर त्यांना कॉमन पॅसेजमध्ये तूप सांडल्याबद्दल नोटीस गेली असती.

आता कोणी विचारील की जुन्या बाजाराचा आणि कुत्र्याचा एकमेकांशी संबंध काय? आहे, आणि तो आमच्याच रस्त्यावर आहे. आमच्या भागातले जुने बंगले एकामागून एक पडत आहेत. त्यांच्या जागी पुनर्विकास उभा राहतो आणि दारावर पूर्वी 'मातृछाया' असायचे तिथे इंग्रजीत काहीतरी हाइट्स येते. बंगला पडणार हे मला फलक लागण्याआधी ढब्बूकडून कळते. रोज त्याला बिस्किट टाकणाऱ्या आजी ओट्यावर नसतात, तो फाटकाशी बसून राहतो, ओढला तरी उठत नाही. मग महिन्याभरात ट्रक येतात. सागवानी दारे, पितळी कड्या, रंगीत काचांच्या खिडक्या, माळ्यावरच्या ट्रंका निघतात. काही वर्तमानपत्रातून जाहिरात देऊन विकल्या जातात, काही भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात आणि काही आठवड्यांनी मला गोणपाटावर भेटतात. सकाळी ज्या घरापुढे उभी राहते त्या घराचीच कडी बुधवारी कोणीतरी माझ्या हातात ठेवते. एवढे फिरून आले की शहराचा इतिहास वाचावा लागत नाही.

अशाच एका ढिगाऱ्यावर ढब्बूने पाय रोवले आणि मला एक फरशी दिसली. नक्षीची, लाल-पिवळ्या-काळ्या रंगांची. एक कोपरा तुटलेला. मुकादमाला विचारले, तो म्हणाला, "न्या की आजी, ट्रॅक्टरभर आहे." घरी आणून धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रांगोळी काढताना हात आपोआप त्या नक्षीकडे वळला. चौकोनात वर्तुळ, वर्तुळात आठ पाकळ्या, आणि तुटलेला कोपरा माझ्या मनाने पुरा केला. त्यानंतर लोहाराचा मोर काढला. मग पानाच्या डब्याच्या झाकणावरची वेल. आता रोज काहीतरी निघते. रांगोळी त्या मावशीच्या गडूत असते. समोरच्या ब्लॉकमधला सात वर्षांचा मुलगा शाळेत जाताना थांबून विचारतो, "आजी, आजचं कुठून आणलं?" मी सांगते, "पिठाच्या गिरणीच्या पायरीवरून." संध्याकाळी तो पायरी बघायला येतो. ढब्बूला आनंद होतो, कारण आणखी एक थांबणारा वाढला.

सर्जनशीलता ही वस्तू आजकाल शिबिरात मिळते. दोन दिवस, चहा-नाश्त्यासह. भिंतीवर रंगीत कागद चिकटवतात, गोलात बसवतात आणि "मोकळे व्हा" म्हणून आज्ञा करतात. मला त्या शिबिरांशी वैर नाही. नाश्ता चांगला असतो असे ऐकते. पण ज्याला रोजच्या रस्त्यावर थांबायची मुभा नाही आणि घरात एक निरुपयोगी वस्तू ठेवायला जागा नाही, तो दोन दिवसांत कशातून मोकळा होणार? नवे सुचायला पोटात काहीतरी जुने असावे लागते. विरजणाशिवाय दही कसे लागेल?

हे सगळे मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सांगितले असते, पण विषयपत्रिकेवर ठराव होता तो असा: कुत्र्यांना लिफ्टमधून नेऊ नये आणि सदस्यांनी जुने भंगार इमारतीत आणू नये. एकाच ठरावात ढब्बू आणि गडू. ठराव मांडणाऱ्याने नकळत माझे आयुष्य एका वाक्यात लिहून काढले होते.

विरोधकांचे जे खरे आहे ते मी आधीच मान्य केले. कुत्र्याने घाण केली तर मालकाने ती उचललीच पाहिजे. मी रद्दीचा कागद आणि पिशवी घेऊनच निघते. दोरी हवी, लस हवी. जिन्यात आणि पॅसेजमध्ये सामान ठेवू नये, आग लागली तर माणसे अडकतात. माझी एकही वस्तू उंबऱ्याबाहेर नाही. आणि जे दिसेल ते आणून घराचे गोदाम करतात त्यांची वकिली मी करत नाही. मी आणते ती वस्तू मला माहीत असते.

पण त्यापुढे मी ऐकले नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केले आहे की सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आपली मूलभूत कर्तव्ये घातली. त्यात सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य आहे. घटनेवर ज्यांचे समाधान होत नव्हते त्यांच्यासाठी मी महाभारत काढले. हिमालयात युधिष्ठिरापुढे इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, तू बस, कुत्रा सोड, स्वर्गात कुत्र्यांना जागा नाही. म्हणजे लिफ्टमध्ये कुत्रा नको म्हणणारा पहिला सेक्रेटरी इंद्र. युधिष्ठिर म्हणाला, कुत्र्याला टाकून मला स्वर्ग नको. आणि मग तो कुत्रा कोण निघाला? साक्षात धर्म! "तेव्हा," मी म्हटले, "लिफ्टमध्ये कोणाला अडवता आहात याची आधी खात्री करून घ्या." ठराव पुढच्या सभेवर ढकलला. आमच्याकडे पराभवाला हेच नाव आहे.

विनोद पुरे. या प्रश्नाची मला जी खरी भीती वाटते ती सांगते. "काय उपयोग त्याचा" हा प्रश्न एका जागी थांबत नाही. आधी तो वस्तूला विचारतात. मग मोठा झालेल्या कुत्र्याला विचारतात. पिल्लू असताना हौसेने विकत आणलेले आणि म्हातारपणी टेकडीच्या पायथ्याशी सोडून दिलेले महागडे कुत्रे मी फिरताना पाहिले आहेत. गळ्यात पट्टा असतो, आणि प्रत्येक मोटारीमागे ते दहा पावले धावतात. त्यानंतर हा प्रश्न झाडाला विचारतात, बंगल्याला विचारतात. आणि मग एक दिवस घरातल्या माणसाकडे वळतो. तोंडाने कोणी विचारत नाही, आपली माणसे चांगली आहेत. पण हॉलमधली आरामखुर्ची आतल्या खोलीत जाते, मग गॅलरीत जाते. ट्रंक माळ्यावर जाते. "आई, तुमच्याच्याने आता होणार नाही, राहू द्या," हे वाक्य प्रेमानेच बोललेले असते. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्याकडे बघणाऱ्या काही नजरा मी ओळखल्या. जुन्या बाजारात लोक एक पाय नसलेल्या समईकडे बघतात तशाच त्या होत्या.

म्हणून मी भांडते. जिथे पोचा आलेल्या गडूला जागा आहे, खांबाशी थांबणाऱ्या कुत्र्यासाठी कोणीतरी उभे राहते, त्या घरात हळू चालणाऱ्या माणसालाही जागा असते. ज्या घरात सारे उपयोगाचे आहे तिथे सगळेच आपापल्या तारखेची वाट बघत असतात.

वाचकहो, तुम्हालाही हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. तेव्हा बचाव करू नका. "फुलदाणी करीन," "पेनं ठेवीन," असली कारणे देऊ नका. ती दिली की आपण त्यांच्या कोर्टात जाऊन उभे राहिलो. शांतपणे म्हणा, "काहीही उपयोग नाही," आणि ती वस्तू विचारणाऱ्याच्या हातात द्या. तो ती उलटी करील, बुडाकडे बघील, बोटाने टिचकी मारील, वर काय लिहिले आहे ते वाचायला चष्मा शोधील. त्याला तेवढे करू द्या. मध्ये बोलू नका.